पोटात लपलेला चाप

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही.

रचायचंच असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

लोकांना असले अनुभव काळोख्या रात्री येतात. मला आला तो मागच्याच महिन्यात, भर दुपारी... आमच्याच घराच्या मागच्या खोलीत.

ती खोली सासऱ्यांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर सासूबाई तिथे एकट्याच झोपायच्या. आमची चिमणी तीन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. म्हणून एका रविवारी मी सासऱ्यांच्या टेबलाचे खण उपसायला बसले.

सगळ्यांत खाली, तेलकट फडक्यात, तळहाताएवढं काहीतरी निघालं. आखूड जाड नळी. वाकडी लाकडी मूठ. वर वळलेला, मागे ओढायचा घोडा. पण दाबायचा चापच नव्हता. खालून सगळं गुळगुळीत.

"लायटर असेल," मी म्हटलं.

"आपल्या घरात धड पेटणारी काडेपेटी नाही, म्हणे लायटर!" नवरा हसला.

सासूबाई दारातच थांबल्या.

"गिऱ्हाइकाचं आहे ते. दुरुस्तीला टाकून गेला, परत आलाच नाही. हे रोज दुपारी जेवून उठले की तो घोडा ओढायचे आणि हळूच खाली सोडायचे. नाहीतर स्प्रिंग आळसावते म्हणे."

मी ते गुंडाळून तिथल्याच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणी झोपली होती. घर शांत. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि...

कट्.

मागच्या खोलीतून. एकदाच.

जाऊन पाहिलं. फडकं सुटलेलं... घोडा मागे ओढलेला... आणि जिथे काहीच नव्हतं तिथून एक बारीक चाप बाहेर आलेला.

सासूबाई खाटेवर बसून होत्या.

"काय गं?"

मी मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी नवऱ्याने फडकं उघडलं तर... सगळं मिटलेलं. चाप गायब.

त्याने तो फोटो त्याच्या ओळखीच्या, जुन्या हत्यारांच्या जाणकार काकांना पाठवला. ते दुसऱ्याच दिवशी घरी आले.

"ताई, हे खिशातलं पिस्तूल. एका वेळी एकच गोळी उडवणारं. फार लाजाळू जात. चाप पोटात लपवतं, घोडा ओढला की तेवढ्यापुरता बाहेर काढतं."

त्यांनी चिमणीची पेन्सिल मागितली. ती नळीत जाईल तेवढी घातली, मग बाहेरून नळीला लावून पाहिली. आणि त्यांचं हसू मावळलं.

"आत जितकी जायला हवी तितकी जात नाही. तळाशी काहीतरी आहे. भरलेलं आहे हे."

माझा तोल सुटला. परक्या माणसासमोर मी सासूबाईंवर ओरडले.

"आई, बाबांची आठवण येते तर फोटो बघत बसा ना! माझ्या पोरीच्या उशाशी भरलेल्या पिस्तुलाचा घोडा ओढताय? तिला काही झालं असतं म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही गं..." मग स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाल्या, "पण तू म्हणतेस तर मीच असेन. हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही."

नवऱ्याने काकांबरोबर जाऊन पिस्तूल रीतसर पोलिसांत जमा केलं. सासूबाईंनी आपली गादी पुढच्या खोलीत आणली. चिमणी "आजी, घे" म्हणत आली की हात पाठीमागे न्यायच्या.

"आईकडे जा, सोन्या. माझा भरवसा नाही."

मला बरंच वाटलं होतं. खरं सांगते. तेव्हा बरंच वाटलं होतं.

मग काकांचा फोन आला.

"ताई, पोलिसांनी ते माझ्यासमोर रिकामं करून घेतलं. त्याची स्प्रिंग पार गंजून बसलीय. माझ्यासारख्याच्या दोन्ही अंगठ्यांनी घोडा हलेना. तुम्ही तो फोटो काढलात कसा?"

मी फोन ठेवला.

सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. त्यांच्या गोळ्यांची डबीसुद्धा रोज सकाळी मीच उघडून देते. मीच. रोज.

माफी मागायचीच, असं ठरवून मी पुढच्या खोलीत गेले. दुपार होती. चिमणी झोपलेली. सासूबाई खुर्चीत, हात मांडीवर घेऊन बसलेल्या. मी त्यांच्या पायाशी बसले. "आई," म्हटलं. आणि...

कट्.

मागच्या खोलीतून. जिथे कुणी नव्हतं. जिथे आता तेही नव्हतं.

सासूबाईंची मान झटकन वळली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जीव आला होता.

"ऐकलंस? तुला ऐकू आलं ना गं?"

हो म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. मग लेकराला घेऊन या घरात राहायचं कसं?

"नाही हो, आई. काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. हळूच. शहाण्या मुलीसारखी.

"मग माझंच डोकं गेलंय."

मी मागच्या खोलीला कुलूप लावलंय. आवाज तरीही येतो. रोज नाही, पण येतो.

आज दुपारीही आला. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी चिमणीचे केस विंचरत राहिले.