हातोडीने बसलेली चकती

"बाबांनी लेथ बंद केलाय," ती मुलगी म्हणाली. भाऊजींना आधी वाटलं, वीज गेली असेल.

वहिनींनी तिला खुर्ची दिली. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवत, चहा करत आणि दर प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घेत.

मुलगी दुकानांच्या पाट्या रंगवायची. नखांच्या कडांना अजून काळा-पिवळा रंग होता. तिचे वडील लेथवरचे मिस्त्री. एका गाडीवाल्याने हौसेने पाच भोकांची अलॉय व्हील्स घेतली आणि त्याच्या गाडीला बोल्ट निघाले चार. म्हणून मिस्त्रींनी मधे बसणारे अ‍ॅडॉप्टर बनवले, प्रत्येक चाकाला एक चकती. चकती चार नटांनी गाडीच्या हबवर, म्हणजे एरवी चाक बसतं त्या तबकडीवर, आवळायची आणि तिच्यातल्या पाच बोल्टांवर चाक चढवायचं.

"परवा वळणावर पुढचं चाक चकतीसकट निखळलं. गाडीवाल्याचा हात मोडला. बाबा म्हणतात, माझंच माप चुकलं, आता नजर राहिली नाही. लेथवर चादर टाकलीय त्यांनी. दिवसभर तिच्याकडे बघत बसतात. त्यांचं काम कच्चं नसतं हो. इतक्या देखण्या, काळ्याभोर चकत्या. मीच नेऊन दिल्या टायरवाल्याकडे."

"चाक निखळल्यावर त्यांनी चकती पाहिली?"

"बघायलाच तयार नाहीत."

टायरवाल्याच्या दुकानात गाडी जॅकवर उभी होती आणि टायरवाला भांडायच्या तयारीत.

"माझ्यावर काही ढकलू नका, ताई. टॉर्क पान्याने आवळलंय, पुरेसं आवळलं की टक्क वाजतो तो, तेवढं. विचारा मालकाला."

गाडीचा मालक तिथेच होता, मोडका हात गळ्यात अडकवून. "माझ्यासमोर आवळले," तो नाइलाजाने म्हणाला. "आठवड्याने पुन्हा तपासायला या म्हणाले होते. आठवडा भरलाच नाही."

"चकत्या बसवताना काही वेगळं जाणवलं?" वहिनींनी टायरवाल्याला विचारलं.

"घट्ट होत्या. रबरी हातोडीने ठोकून बसवल्या. घट्ट म्हणजे चांगलंच की."

"भाऊजी, बाकीची चाकं काढून आतल्या चकत्यांचे नट फिरवून बघा."

टायरवाल्याने चाकं उतरवून दिली. भाऊजींना घरी बरणीचं झाकण उघडत नसे. त्यांनी पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला आणि नट इतक्या सहज फिरला की ते तोंडावर आपटता आपटता वाचले. पुढच्या चकतीचंही तेच, त्यापुढचीचंही तेच. बोटांना काळे पापुद्रे चिकटले, ते त्यांनी पँटला पुसले.

"वहिनी, घातपात," ते कुजबुजले. मग मालकाकडे वळून, "तुमचं कुणाशी वैर?"

"आईला ही चाकं अजिबात आवडली नाहीत," मालक म्हणाला. "पण तिला जॅक कुठे असतो तेही माहीत नाही."

निखळलेली चकती वहिनींनी फडक्यात गुंडाळून घेतली. तिला कुठे तडा नव्हता. वाटेत भाऊजींनी ती उलटसुलट करून पाहिली. मागून पुढून गुळगुळीत काळी.

मिस्त्री चादर टाकलेल्या लेथशेजारी स्टुलावर बसले होते. वहिनींनी चकती दाखवली नाही, फक्त हातोडीचं सांगितलं. मिस्त्रींनी मान वर केली.

"माझी चकती हाताने सरकते. सरकत जाते आणि टेकते. हातोडी लागली तर ती माझी नव्हे." मग मान पुन्हा खाली गेली. "पण लागली असेल. चुकलं असेल माप."

"तुमची दिसते कशी?"

"कशी म्हणजे? चांदीसारखी. वरून तेलाचा बोळा फिरवतो, झालं. मागे पंचने ठोकलेले तीन ठिपके, माझी खूण."

भाऊजींनी वहिनींना बाहेर ओढलं. "ठिपके नाहीत! टायरवाल्याने चकत्या बदलल्या."

"त्याला मिस्त्रींच्या चकत्या कशाला हव्यात?"

"ते अजून ठरायचंय."

खरं तर भाऊजींचं डोकं पार गरगरत होतं. हाताने सरकणारी चकती घट्ट बसते, घट्ट बसलेली निखळते, आवळलेले नट सैल होतात. कोणाचं खरं मानावं तर सगळेच खरं बोलत असल्यासारखे दिसत होते.

"सगळे खरंच बोलतायत," वहिनी म्हणाल्या. भाऊजी आणखीच गोंधळले.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. बोळा थिनरमध्ये बुडवला आणि काळ्या चकतीच्या मधल्या भोकात आणि पाठीवर घासला. काळं वितळलं, खालून चांदी निघाली आणि चांदीत तीन ठिपके.

"चकती मिस्त्रींचीच. तिच्यावर रंग चढलाय. पाठीवर, पोटावर, मधल्या भोकात, नट टेकतात त्या जागीसुद्धा. भोकात रंग, म्हणून हातोडी लागली. नट टेकले ते रंगावर. पाना टक्क वाजला, तो खोटा नाही वाजला. पण गाडी पळाली, ब्रेकने चाकं तापली आणि रंग नटांखाली चिरडून सुटला. रंग गेला तेवढी फट पडली, नटांची पकड गेली. सगळ्याच चाकांची, बाकीची निखळायची राहिली होती इतकंच. पुरावा भाऊजींच्या पँटवर आहे."

सगळ्यांनी भाऊजींच्या पँटकडे पाहिलं.

"रंगवल्या कुणी?" भाऊजींनी टायरवाल्यावर नजर रोखून विचारलं.

"माझ्याकडे काळ्याच आल्या," टायरवाला म्हणाला. "मला वाटलं, मिस्त्रींनीच रंगवल्या."

"इथून चांदीसारख्या निघाल्या, तिथे काळ्या पोचल्या," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी टायरवाल्याकडेच बघत होते, म्हणून आवाज मागून आला तेव्हा ते दचकले.

"हे बघायला आले होते, तेव्हा म्हणाले, दिसायला कच्च्या वाटतात," मुलगी मालकाकडे न बघता म्हणाली. "मला लागलं ते. घरी नेऊन रंगाचे दोन हात दिले. चांगलं म्हणून." आता तिने मालकाच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे तुमचा हात माझ्यामुळे..."

"तोंड माझंच चाललं होतं," मालक म्हणाला.

मिस्त्री उठले. फळीवरून मापाला ठेवलेला हब काढला, पुसलेली चकती त्यावर धरली. ती हाताने सरकत गेली आणि टेकली. त्यांनी ती हलवून पाहिली. खुळखुळली नाही. पुन्हा काढली, पुन्हा बसवली. मग गाडीवरून आणलेली एक काळी चकती उचलून तिच्या भोकात अंगठा फिरवला.

"रंगाचा कुठे ओघळ नाही," ते म्हणाले. "आतसुद्धा नाही."

"बाबा..."

"टेकायच्या जागी रंग नसतो, हे तुला कळणार कुठून? मी कधी इथे उभं राहू दिलं तुला?" त्यांनी चादरीचं एक टोक धरलं. "ते टोक धर."

दोघांनी चादर उचलली. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि लेथ गुणगुणू लागला.

"वीज होतीच की," भाऊजी म्हणाले.