मामांच्या कॉम्प्युटरचं कुलूप

लग्न संध्याकाळी होतं आणि नवरीला हॉलमध्ये पाऊल टाकायचं होतं ते बाबांनी घातलेल्या शिळेच्या सुरांवर. बाबांना, म्हणजे मामांना, जाऊन वर्ष झालं होतं, पण लेकीच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी झकास शीळ रेकॉर्ड करून ठेवली होती. ती त्यांच्या कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर काही केल्या उघडेना. मग कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेली मामांची भाची धावली. तिनेच तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स बसवून दिलं होतं आणि दुरुस्तीसाठी स्वतःचंही एक खातं ठेवलं होतं.

"पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली. मामींनी कुलूप काढून खोली उघडली. पडदे ओढलेले, अंधुक उजेड, आणि दाढीच्या साबणाचा ताजा वास. वर्षभर इथे कुणी दाढी केली नव्हती. भाचीने त्या वासाकडे काणाडोळा केला.

पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ होता. तिने टाकला. लॉक स्क्रीन म्हणाली, चुकीचा. तिने कॅप्स लॉक बघितलं, कीबोर्डची भाषा बघितली, सगळं ठीक. मग स्वतःच्या खात्यातून आत शिरून नोंदी काढल्या, आणि घोळ कळला. सलग चुका झाल्या की यंत्र काही वेळ खऱ्या पासवर्डलाही दाद देत नाही, आणि इथे तर चुकांची रांग लागली होती. मामांच्या फाइली त्यांच्याच पासवर्डने उघडणार, त्यामुळे दुसरी वाटही नव्हती.

"मामी, सकाळपासून कोण बसलंय इथे?"

"कोण बसणार? किल्ली माझ्या कमरेला."

भाचीने चुकांची नोंद पुसली आणि लॉक स्क्रीनवर परतली. कीबोर्डला हात लावण्याआधीच पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा... सावकाश, दोन बोटांनी टाइप करावं तसा. तिने कीबोर्डची वायर उपटली. ठिपके येतच राहिले. चुकीचा!

तिने ठिपके मोजले. "मामी... एक ठिपका जास्त आहे."

मामींनी तोंडाला पदर लावला. भाचीला वाटलं, रडतायत. पण मामींना हसू आवरत नव्हतं. "शेवटचं अक्षर दोनदा दाबतात गं... जन्मभर हेच! पोरीचं लग्न, हे बसतील होय गप्प?"

भीती होतीच, पण त्या हसण्याने भाचीलाही धीर आला. तिने वायर जोडली, नोंद पुन्हा पुसली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाली, "मामा, थांब ना जरा... मी टाकते."

ठिपके थांबले. पासवर्ड लागला. तिने न ऐकताच फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दोघी हॉलकडे पळाल्या.

दिवे मंद झाले, नवरी दारात उभी राहिली. स्पीकरमधून आधी खुर्ची करकरली, मग मामांनी घसा खाकरला. "बरं बाई, थांबलो. टाक तू."

आणि मग ती शीळ. नवरी हसत, डोळे पुसत चालू लागली, अख्खा हॉल टाळ्यांनी भरला.

"बघ, तुझं ऐकलं," मामी भाचीच्या कानाशी लागल्या. "माझं कधी ऐकलं नाही मेल्याने!"

भाचीने स्पीकरला जोडलेला लॅपटॉप आपल्याकडे वळवला. फाइलवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.