दिवा वाढव

जासईच्या देवळासमोर गाडी थांबली, तेव्हा मधुकरबुवा मानसिंगला म्हणाले, "दिवा वाढव." मानसिंगने लगेच फुल लाइट मारला. ओट्यावर कीर्तनाची वाट बघत बसलेली माणसं डोळ्यांवर हात धरून कुरकुरायला लागली.

दिवा विझव म्हणायचं नसतं, वाढव म्हणायचं, हे काय साताऱ्याच्या मानसिंगला ठाऊक नव्हतं? पण गाडीच्या दिव्यालाही तो मान द्यायचा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. बुवा पोट धरून हसले आणि उत्तररंगात त्यांनी तेच घेतलं. "मंडळी, एक दिवा वाढवला की उजेड होतो, एक वाढवला की अंधार. कधी कुठला वाढवायचा ते सांगणारा शेजारी बसलेला असावा."

त्या बुवांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

मानसिंगचा वाशीच्या मार्केटात कांद्याचा गाळा. गाळा आवरला की जुन्या फियाटमधून बुवांना गावोगाव कीर्तनाला नेणं ही त्याची हौस. बुवा पुढे डावीकडे बसत, मांडीवर चिपळ्या. वाटेत खड्डा दिसला की त्यांच्या हातात चिपळी वाजायची, टक्. बुवा गेले, ती सीट रिकामीच राहिली. मानसिंगची बायको राहीबाईदेखील मागेच बसायची.

थंडीच्या तोंडावर गाडीचे दिवे पार पिवळे पडले. मानसिंगने गाडी करावे गावातल्या हिरामणकडे नेली. हिरामण वायरिंगचं काम करायचा, अन् बुवांच्या मागे उभा राहून टाळही धरायचा.

"शेट, सगला करंट बटनातून फिरून जातो, जुन्या वायरीतच अर्धा मरतो," तो बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. "रिले लावतो. बटन नुसतं इशारा करील, रिले बॅटरीतून करंट सोडील."

"म्हणजे दिवे वाढतील ना?"

हिरामणने डोकं बाहेर काढलं. "असं नका बोलू. उजेड पडंल बोला."

"बुवांचा चेला शोभतोस."

काम झालं. मानसिंगने बटण ओढलं. बोनेटखाली टक् झालं आणि समोरची भिंत पांढरीफटक उजळली. दिवेलागणीची सवय, दोघांचेही हात आपसूक जोडले गेले.

"चिपलीच वाजली जशी," हिरामण हळूच म्हणाला.

पौषात मानसिंग आणि राहीबाई जासईला गेले, लेक राजनंदिनीला बाळंतपणासाठी माहेरी आणायला. जावई बोटीवर. पहिल्या खेपेचं मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून राहीबाईने देवापुढे नारळ बांधून ठेवला होता. दारात पोचता पोचताच आतून कळवळल्याचा आवाज आला. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या.

वाटेत लावलेले दिवे घालवायला मानसिंगने बटण आत दाबलं, पण ते गेले नाहीत. पुन्हा दाबलं. तसेच. "उद्या हिरामणला दाखवतो," असं पुटपुटत त्याने लेकीला मागे बसवलं, आईच्या मांडीवर डोकं. येतानाचा हमरस्ता सोडून, खाडीकाठच्या जवळच्या रस्त्याने गाडी वाशीच्या हॉस्पिटलाकडे निघाली.

दिवस नुकता मावळला होता. खाडीवरून धुकं उठलेलं, त्यात कुणीतरी पेटवलेल्या गवताचा धूर. नवा पांढरा उजेड त्यावर आपटून परत फिरत होता. समोर नुसता पांढरा पडदा. मानसिंग काचेवर नाक टेकवून चालवत होता, तरी वेग कमी करायचा धीर होईना.

"आबा, लवकर," राजनंदिनी म्हणाली.

"चाललोय बाळ. सरळ रस्ता आहे."

टक्.

आवाज बोनेटखालून आला नव्हता. डावीकडून आला होता.

मानसिंगने मान वळवली नाही. मान वळणारच नाही, असं त्याला वाटलं. गाडीत ओल्या बुक्क्याचा वास आला. मग हलकेच, हसऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"दिवा वाढव."

या खेपेला तो चुकला नाही. त्याने बटण आत दाबलं.

दिवे गेले.

पांढरा पडदा नाहीसा झाला. मावळतीची लाली आभाळात अजून शिल्लक होती. तेवढ्याच उजेडात रस्ता दिसला, आणि रस्त्यावर आडवी एक लाल, चकाकती रेघ. पाण्याची.

त्याने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली.

पाइप टाकायला रस्ता आडवा खणलेला होता, चरात पाणी साचलेलं. इशाऱ्याला ना दगड, ना फांदी. पुढचं चाक मातीच्या कडेवर टेकलेलं. मागून राहीबाईने रामनाम घेतलं. मानसिंगने गाडी मागे घेतली, बाजूच्या कच्च्या वाटेवर घातली, बटण ओढलं. दिवे मुकाट लागले.

हॉस्पिटलच्या दारात त्याने बटण दाबलं, तर दिवे पुन्हा जाईनात. शेवटी बॅटरीची वायर काढून ठेवली आणि तो आत धावला.

मुलगी झाली. एवढीशी, पण सगळा वॉर्ड जागा होईल असं रडली. ते रडणं ऐकून राहीबाई भिंतीला टेकून खाली बसली. राजनंदिनी ग्लानीत होती. बापाचा हात धरून तिने विचारलं, "आबा, पुढं कोण बसलं होतं? उतरले कुठं?"

मानसिंगने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरामण मानसिंगच्या सोसायटीत आला. त्याने रिले काढला, वायरी सोडवल्या, झाकण उचकटून आतल्या पट्ट्या बघितल्या. त्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"शेट, जासईलाच दिवं बंद होत नव्हतं ना? मग तेवाच चिकटला. यो सुटत नसतो. वाटेत दिवं गेलंच नसतील."

"गेले."

"कसं जातील? ह्ये बगा." हिरामणने स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला. पट्ट्या हलल्या नाहीत.

सोसायटीतले दिवे लागले. वरच्या खिडकीतून राहीबाईने लावलेल्या उदबत्तीचा वास आला. मानसिंगने सवयीने हात जोडले.

हिरामणच्या तळहातावर, एकही वायर न जोडलेला तो रिले वाजला. टक्.

दोघांनी बघितलं. पट्ट्या सुटल्या होत्या.

हिरामणने तो खाली टाकला नाही. मोकळा हात कपाळाला लावला, आणि गाडीचं डावं दार उघडून जरा वेळ तसंच धरून ठेवलं, कुणाला उतरायचं असेल तर.