सात नंबरच्या खांबाची पिन

"मना एक पाटी उतरवायची हाय," संध्या मढवी दारातच म्हणाली.

सकाळचे साडेसात वाजले होते. खारघरच्या आपल्या फ्लॅटमध्ये वैजयंती राजवाडे चहा गाळत होत्या. तीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी केली आणि निवृत्त झाल्यावर तेच काम स्वतःच्या नावावर सुरू ठेवलं. त्यांचे धाकटे दीर सुधीर खिडकीशी पेपर वाचत होते. ते वहिनींच्या प्रत्येक कामात सोबत जात, आणि आपण बरोबर असतो म्हणूनच कामं सुटतात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"कसली पाटी?" सुधीरनी विचारलं.

संध्या घणसोली गावातली. तिचा बाप शिवराम मढवी तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होता. रेल्वेच्या रुळांवरची विजेची तार ज्यांच्यावर लटकते ते ब्रॅकेट, क्लॅम्प आणि पिना तिथे बनतात. कारखान्याच्या मागे शिकाऊ कामगारांसाठी एक सरावाची लाइन आहे. आठ खांब, तीनशे मीटर तार, वीज नाही. खांबावर कसं चढायचं, तार कशी टांगायची, हे नव्या पोरांना शिवरामच शिकवायचा.

आठ जानेवारीला दुपारी चार वाजता तो सात नंबरच्या खांबावर चढला. कंबरेचा पट्टा त्याने ब्रॅकेटला अडकवला आणि ब्रॅकेटच निखळलं. त्याच्यासकट ते खाली आलं.

"ब्रॅकेट एका जाड पिनवर असतं," संध्या म्हणाली. "ती पिन सरकू नये म्हनून तिच्या टोकाला बारीक स्प्लिट पिन घालून वाकवतात. कंपनी म्हनते, बापसानं ती काढली नि परत लावायला विसरला. आता गेटावर पाटी लावलीय. 'सात नंबरचा खांब. एक चूक, एक जीव.' त्यानंच शिकवलेली पोरं नव्या पोरांना तिथं हुबी करतात नि सांगतात, असं करू नका. बापूस गेला, त्याला इलाज नाय. पन ती पाटी मना रोज मारते."

तिने पिशवीतून एक बिस्किटांचा डबा काढला. तो जुन्या, गंजक्या स्प्लिट पिनांनी भरला होता.

"काढलेली पिन तो परत कधी वापरायचा नाय. वरून टाकायचा पन नाय, कोनाच्या डोक्यात पडंल म्हनून. शर्टाच्या खिशात घालायचा, बटन लावायचा नि घरी आनायचा. हॉस्पिटलातून त्याचा शर्ट मिळाला, तवा बटन लावलेलं व्हतं. खिशात नुसती चुन्याची डबी."

"बटण तिथल्या कोणी लावलं असेल," सुधीर म्हणाले.

"असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

कारखान्याच्या मालकीण मालतीबाई सत्तरीच्या. नवऱ्यामागे त्यांनीच सगळं सांभाळलं होतं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "शिवरामनं पिन विसरावी, हे माझ्याही घशाखाली उतरलं नाही," त्या म्हणाल्या. "पण कागद समोर आले. तुम्ही कुणालाही विचारा."

नऊ वाजता वैजयंतीबाई आणि सुधीर सरावाच्या लाइनवर पोचले. अजून गारठा होता. शेवटच्या, आठव्या खांबावर कप्पीवरून लोखंडी वजनांची चळत लोंबत होती. तिच्या ओझ्याने तार ताणलेली राहते. खाली सिमेंटचा ओटा होता आणि मागे कंपाउंडची भिंत, तिच्यावर आडवा लाल पट्टा. सुधीरनी आपली पाण्याची स्टीलची बाटली वजनांखालच्या ओट्यावर ठेवली आणि हात चोळत उभे राहिले.

शिवरामचा मदतनीस धनाजी तिथेच होता. तिशीचा, बोलताना खाली बघणारा.

"त्या दिवशी स्टोअरच्या मितेशसाहेबांनी अचानक सांगितलं, सात नंबरचा चिनी मातीचा इन्सुलेटर पुसून घ्या. ऊन असं का खांबाला हात लावता येत नव्हता. काकांनी हाताला फडकं गुंडाळलं. मी खाली बादलीला दोर बांधत व्हतो, मान खाली. आवाज आला तवा वर बघितलं. वर बघायला पायजे व्हतं."

"पहिलं कोण आलं?"

"ऋषीसाहेब. पिना तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरला गाडीत बसवून परत येत व्हते. मला म्हनले, पळ, गाडी आन. मी आलो तवा ते एकटेच काकांजवळ बसलेले."

वैजयंतीबाईंनी वर पाहिलं. सहाव्या खांबाच्या पिनेवर लाल ठिपका दिसत होता. सातव्याच्या नव्या पिनेवर नव्हता.

"ते कुंकू," धनाजी म्हणाला. "खंडेनवमीला सगळे मशिनींची पूजा करतात. काका वर चढून आठी पिनांना तेल लावायचे, हळद-कुंकू लावायचे. म्हनायचे, जीव हिच्यावर, तर पहिला मान हिचा."

स्टोअरचा प्रमुख मितेश फटकळ होता. "हो, मीच पाठवलं वर. दुसऱ्या दिवशी नवी बॅच येणार होती, इन्सुलेटरवर धुळीचा थर होता. काम सांगणं गुन्हा आहे का?"

"दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. बाहेरचा इन्स्पेक्टर पिनांचा नवा लॉट बघायला आला होता, एक ते साडेतीन. मी फायली उघडून देत होतो. नमुन्याची पिन ऋषीने आणून दिली. बघून साहेब खूश. ही काय, अजून इथेच आहे."

टेबलावर निळ्या मखमलीच्या डबीत पिन होती. वैजयंतीबाईंनी अपघातातली पिनही मागवली. ब्रॅकेटमधून सरकून खाली पडली म्हणतात ती. ती पारदर्शक पिशवीत सील केलेली होती. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"सारख्याच आहेत," सुधीर म्हणाले.

"सारख्याच. फक्त या डबीतल्या पिनेच्या डोक्यावर आकडे ठोकलेत ना, त्यांच्या खाचा लालसर आहेत."

"गंज असेल, वहिनी."

"नव्या पिनेला गंज, भावजी?" एवढंच त्या बोलल्या.

ऋषी हा गुणवत्ता आणि सुरक्षा दोन्ही बघणारा अधिकारी. वय अठ्ठावीस, बोलणं नम्र, डोळे खोल गेलेले. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. शिडीवरून काढलेला, सात नंबरची पिन आणि तिच्यातली स्प्लिट पिन स्वच्छ दिसत होती. कोपऱ्यावर तारीख आणि वेळ छापलेली होती. आठ जानेवारी, दुपारी दोन दहा.

"मी दोन दहाला तपासलं तेव्हा सगळं जागेवर होतं, मॅडम. त्यानंतर वर फक्त शिवरामकाका चढले. मला त्यांच्याविरुद्ध काही बोलायचं नाही. पण दुसरं काय म्हणणार?"

"सावली कुठेच दिसत नाही."

"थोडा वेळ ढग आले होते."

वैजयंतीबाईंनी फोटो मोठा केला. मागे आठवा खांब होता, भिंत होती, लोंबणारी वजनं होती. सर्वांत खालचं वजन लाल पट्ट्याच्या वर होतं. त्यांनी तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

जेवणानंतर अडीचला दोघं परत लाइनवर गेली. ऊन चटचटत होतं. एकाएकी सुधीर ओरडले. "वहिनी, माझी बाटली! कुणी केलं हे?"

बाटली वजनं आणि ओटा यांच्यामध्ये चिमटली होती आणि कंबरेत वाकली होती. धनाजीने पहार घालून ती सोडवली. "वजनांखाली काय ठेवायचं नसतं, काका," तो म्हणाला.

"मी ठेवली तेव्हा वीतभर जागा होती वर! कुणीतरी चावटपणा केलाय."

वैजयंतीबाई वजनांकडे बघत उभ्या राहिल्या. खालचं वजन आता लाल पट्ट्याच्या खाली गेलं होतं. त्यांनी मोबाइल काढून फोटो पाहिला, परत वजनांकडे पाहिलं.

"भावजी, तुमची बाटली मी नवी घेऊन देईन," त्या म्हणाल्या. "मालतीबाईंना सांगा, सगळ्यांना बोलवा. संध्यालाही."

साडेतीनला मालतीबाईंच्या केबिनमध्ये सगळे जमले. संध्या दाराशी डबा घेऊन बसली होती. टेबलावर दोन पिना होत्या आणि वाकलेली बाटली.

"ही बाटली कुणी वाकवली, धनाजी?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"कोनी नाय. ऊन जालं का तार लांबते, वजनं खाली येतात. गारठ्यात तार आखडते, वजनं वर जातात. रोजचंच हाय."

"रोजचंच आहे, म्हणून इथे कुणी तिकडे बघत नाही. आज सकाळी नऊला त्यांच्याखाली ही बाटली उभी राहिली आणि वर वीतभर जागा उरली. दुपारी ती चिरडली. आता हा फोटो बघा. दुपारी दोन दहाचा. वजनं कुठे आहेत?"

मितेश वाकून बघू लागला. "पट्ट्याच्या वर," तो हळूच म्हणाला.

"त्या दुपारी खांबाला हात लावता येत नव्हता. शिवरामने हाताला फडकं गुंडाळलं होतं. मग वजनं एवढी वर कशी?"

"ढग आले होते," ऋषी म्हणाला.

"ढगाने सावली जाईल. तापलेली तार घटकाभरच्या ढगाने वीतभर आखडत नाही. हा फोटो गारठ्यातला आहे, ऊन वर यायच्या आधीचा. छापलेली वेळ बदलता येते, वजनं खोटं बोलत नाहीत. म्हणजे पिन सकाळी जागेवर होती. दुपारी होती की नाही, हे कुणालाच माहीत नाही."

"आता या पिना. ही पिशवीतली, सात नंबरवरून सरकून पडली म्हणतात ती. खंडेनवमीला शिवरामने आठही पिनांना तेल आणि कुंकू लावलं. तेव्हापासून पाऊस नाही. तरी हिच्यावर कुंकवाचा कण नाही. आणि ही मखमलीतली, नव्या लॉटची म्हणून इन्स्पेक्टरला दाखवलेली. कुणीतरी पुसली आहे, चांगली घासून पुसली आहे. पण आकड्यांच्या खाचांत तेलात बसलेलं कुंकू तसंच आहे. नव्या कोऱ्या पिनेची पूजा कुणी केली?"

मालतीबाईंनी पिन उचलली, चष्म्याजवळ नेली.

"सात नंबरची पिन काढून टेबलावर आणली गेली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "खांबावर दुसरी बसवली, नव्या लॉटची. शिवराम चढला आणि ती तुटली; ही पिशवीतली अखंड पिन नंतर तिथे आणून ठेवली. स्प्लिट पिनेला त्याने हात लावला नव्हता. लावला असता तर ती त्याच्या खिशात असती. मितेश, नमुना कुणी आणून दिला हे तुम्हीच सांगितलंत. आणि अपघातानंतर शिवरामजवळ एकटं कोण होतं, ते धनाजीने सांगितलं."

ऋषीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून तो बोलू लागला.

"नव्या लॉटला चिरा होत्या. चांगल्या पिना सगळ्या आधीच गेल्या होत्या. उरलेल्या फक्त खांबांवर. मी जेवणाच्या सुट्टीत चढलो. एक दाखवायची, इन्स्पेक्टर गेला की परत बसवायची. दोन-तीन तासांचा प्रश्न होता. चारला कुणी वर जाणार नव्हतं! मी गेटवरून परत येत होतो, हातात पाना घेऊन... तुटलेले तुकडे मी उचलले. त्या रात्री सगळा लॉट उपसला तेव्हा बिनचिरेची एकच निघाली, ती तिथे ठेवली. फोटो रोज सकाळचा असतो, त्याची वेळ बदलली."

"आणि मी पाठवलं त्यांना वर," मितेश म्हणाला. तो पहिल्यांदाच खाली बसला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "यांना होतं. तरी पंधरा दिवस ती पाटी गेटावर राहिली."

संध्या उठून ऋषीसमोर उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ती आता ओरडेल. "तुला पन त्यानंच चढायला शिकवलेलं ना?" तिने विचारलं. ऋषीने मान डोलावली. ती परत दाराशी गेली आणि डबा उचलून मांडीवर घेतला. ते सुधीरना सहन झालं नाही. ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मालतीबाईंनी आधी पोलिसांना फोन लावला. मग तो सगळा लॉट बंद करायला सांगितला. मग स्वतः गेटावर गेल्या आणि शिपायाची वाट न बघता पाटीचे स्क्रू काढू लागल्या. मितेशने पुढे होऊन उरलेले काढले.

चार दिवसांनी आठही खांबांच्या पिना तपासून बदलायच्या ठरल्या. संध्या वैजयंतीबाईंना आणि सुधीरना घेऊन आली होती. सातव्या खांबावर धनाजी चढला. नवी शिकाऊ पोरं खाली उभी होती, माना वर करून.

त्याने जुनी स्प्लिट पिन काढली. क्षणभर हातात धरली, मग शर्टाच्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं. मोठी पिन बदलून नवी स्प्लिट पिन घातली आणि तिचे पाय वाकवले. पुडीतलं कुंकू मोठ्या पिनेच्या डोक्याला लावलं. खाली उतरून त्याने खिशाचं बटण उघडलं आणि जुनी पिन संध्याच्या हातावर ठेवली.

संध्याने डब्याचं झाकण काढलं, ती पिन बाकीच्या पिनांवर ठेवली आणि झाकण लावलं.