दोन टिकल्यांमधला काटा

“दार उघडाच्या आधी काचेतून काटा पाहाजो, पोरी. आन् आत गेली का बोलू नोको. झोपलेल्यायची झोप कायले मोडाची?”

उदाराम आजा दर उन्हाळ्यात हे सांगत. या उन्हाळ्यात सांगायला आजा नव्हते. तरी सैपाकघराच्या कोपऱ्यातून तळघराच्या पायऱ्या उतरताना गुंजनच्या कानांत तोच आवाज आला. तिने मागून येणाऱ्या मामेभावंडांना, प्रफुल्ल आणि समीक्षाला, ओठांवर बोट ठेवून दाखवले आणि दाराच्या काचेवर टॉर्च धरली.

आत भिंतीवर दोन गोल तबकड्या होत्या. एक उष्णता दाखवायची, दुसरी हवेतला ओलावा. ओलाव्याच्या तबकडीवर आजांनी कुंकवाच्या दोन टिकल्या लावल्या होत्या. काटा त्या दोन टिकल्यांच्या मध्ये हवा.

काटा खालच्या टिकलीच्याही खाली होता.

“सकाळीच तर रेतीवर पाणी शिंपडलं आपण,” प्रफुल्ल कुजबुजला. “तरटंही ओली केली.”

“पिऊन गेलं असंल कोणी,” त्याची धाकटी बहीण समीक्षा म्हणाली.

“रेतीतलं पाणी?”

“तू शाळेत माझ्या बाटलीतलं पितेच ना.”

गुंजनला हसू आले नाही. तिने हळूच दार उघडले. बांबूंना टांगलेल्या टसर रेशमाच्या कोशांच्या माळा अंधारात स्थिर होत्या. करड्या, टणक, लहान अंड्यांएवढ्या त्या घरांत एकेक जीव एकटाच झोपला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांतून पाखरे निघायची, अंडी घालायची, आणि त्यांच्या अळ्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, पानांवर वाढायच्या. प्रफुल्लने एक कोसा तळहातावर तोलला आणि मान हलवली.

“हलका लागते. आतला वाळला.”

गेल्या आठवड्यात तो जड होता.

चोरखमाऱ्याच्या तळ्याजवळचे हे घर एका हौशी ठेकेदाराने बांधले होते. द्राक्षांची दारू मुरवायला थंड, ओलसर जागा हवी, म्हणून त्याने हे तळघर खोदवले, हवेसाठी अंगणातून एक नळी आत सोडली आणि भिंतीवर काटे लावले. पुढे तो घर विकून गेला. बाटल्या गेल्या, काटे राहिले. चंद्रकुमार मामांनी घर घेतले तेव्हा सुमित्रामामींनी आधी तळघरात गंगाजल शिंपडले, मगच आजांना कोसे टांगू दिले. “ज्या खोलीत दारू झोपत होती, तिथं आता देवाचे जीव झोपतील,” त्या म्हणाल्या होत्या.

पूर्वी सुट्टी लागली की गोंदियाहून येणाऱ्या गुंजनला घ्यायला आजा फाट्यावर उभे असत. या वेळी फाट्यावर मामा होते, मोबाईलवर बोलत. अंगणात आजांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आडवी खाट रिकामी दिसली असती, तेवढी ही दिसत नव्हती, पण गुंजन तिच्याकडे पाहायचे टाळायची.

दुपारी मामांनी काटा पाहिला आणि त्यांचा आवाज चढला.

“दार उघडझाप करून राहिले तुम्ही लोकं. म्हणून सुकते ते.”

“आम्ही दिवसातून एकदाच जातो, मामाजी.”

“मग काय भूत जाते? हे पाह्य, परवा कोसेवाला चुन्नीलाल येऊन राहिला. जिवंत कोसा असंल तर ठेवू, नाई तर तो उकळून धागा काढंल. वाळून फुकट जाण्यापरीस बरं. बाबा गेले, आता कोण पाहणार हे?”

“मी पाहते ना,” गुंजन म्हणाली. पण मामा तोवर सैपाकघरात चटई टाकून आडवे झाले होते.

बाहेर लू, भाजणारा गरम वारा, वाहत होती. खिडक्या, दारे घट्ट लावलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या. मामींच्या डोळ्यांना धूर लागू नये म्हणून मामांनी अक्षयतृतीयेला सैपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला होता. त्याची घरघर चालू होती.

“या घरात सर्वात थंडी जागा म्हणजे सैपाकघर,” मामा डोळे मिटून म्हणाले. “कूलरची गरज नाई.”

मामा घोरू लागल्यावर तिघे मागच्या पडवीत बसले.

“कोणी जात असंल तर पाऊल उमटलंच पायजे,” प्रफुल्ल म्हणाला. त्याने चुलीतली राख आणून तळघराच्या उंबऱ्यावर पातळ पसरली.

तासाभराने पाहिले तर पाऊल नव्हते. राख मात्र पायऱ्यांवर उडून आली होती, सैपाकघराकडे.

“आतून कोणी फुंकून राहिलं,” समीक्षा म्हणाली आणि तिने भावाचा सदरा घट्ट धरला.

“कोसे फुंकतात का, वेडे?”

“मग सांग ना तूच. मोठा आला.”

प्रफुल्लने राख पुन्हा उंबऱ्यावर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ बदलली होती. मामा घामाघूम होऊन उठले, वीजवाल्यांच्या नावाने बडबडत कडुनिंबाखाली जाऊन बसले. गुंजन सवयीने पायऱ्या उतरली. काटा दोन टिकल्यांच्या मध्ये होता.

ती तिथेच पायरीवर बसली. शेजारी कोणी बसले असावे, तशी थोडी सरकून. ‘घाई नोको करू,’ आजा म्हणायचे. ‘काटा खोटं बोलत नाई. तो काय सांगून राहिला, ते आयक.’

लाईट गेली, काटा बरोबर. लाईट असते तेव्हा काटा खाली. लाईटवर काय चालते? राख कुठे उडाली? आणि मामांना थंड कशाने वाटते?

ती धावत मामींच्या देवघरात गेली. मामी जपाला बसल्या होत्या. गुंजनने उदबत्तीच्या पुड्याकडे बोट दाखवले. मामींनी मणी न थांबवता मान डोलावली.

कडुनिंबामागे, तळघराच्या हवेच्या नळीचे तोंड जमिनीतून वर आले होते. गुंजनने पेटवलेली उदबत्ती तोंडाशी धरली. प्रफुल्ल आणि समीक्षाने दोन्ही बाजूंनी चादर धरून वारा अडवला. धूर सरळ वर चढला.

“आता लाईट येईपर्यंत थांबायचं.”

“हात भाजला तर?” समीक्षाने विचारले.

“तर दादाचा हात धरू,” प्रफुल्ल म्हणाला. मग आपणच दादा आहोत हे त्याला आठवले.

उदबत्त्या संपत गेल्या. शेवटी घरात पंखा घरघरला, आणि धुराची वर जाणारी रेघ वाकली, वळली, सरळ नळीच्या तोंडातून जमिनीत शिरू लागली. कोणी आतून ओढत असल्यासारखी.

“मामाजी,” गुंजन म्हणाली, “इकडे या ना.”

मामा आले. पाहत राहिले. त्यांनी स्वतः एक उदबत्ती धरली. तेवढ्यात सैपाकघरातून मामींची हाक आली. “अहो, देव देवघरात आणि उदबत्तीचा वास तळघरातून कसा येऊन राहिला?”

“पंखा हवा बाहेर फेकतो,” गुंजन सांगू लागली. “पण लू येऊ नये म्हणून आपण सगळं बंद करतो. मग त्याला हवा कुठून मिळणार? तो तळघरातली ओढतो. दाराखालच्या फटीतून. आणि तिच्या जागी या नळीतून गरम, कोरडी हवा आत जाते.”

मामांनी हातातली उदबत्ती मातीत खोचली. मग मान खाजवत म्हणाले, “म्हणजे कोशांची थंडी मी चटईवर झोपून खाऊन राहिलो होतो.”

“घोरत,” समीक्षाने दुरुस्ती केली.

पंखा चालू असेपर्यंत सैपाकघराची एक खिडकी उघडी राहील असे ठरले. दाराखालच्या फटीत मामांनी स्वतः ओले तरट कोंबले. चुन्नीलाल आला तेव्हा मामांनी त्याला काचेतून काटा दाखवला, चहा पाजला आणि रिकाम्या थैलीने परत पाठवला.

“तीन पोरं, आन् आपल्यापेक्षा शहाणी,” तो जाताना म्हणाला.

“बाबा असते तर...” मामांनी गुंजनच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ तो काढला नाही. मामींनी तिघांच्या हातांवर प्रसादाचा गूळ ठेवला.

जूनमध्ये एका पहाटे गुंजन काटा पाहायला उतरली. तो दोन टिकल्यांच्या मध्येच होता. पण खालच्या माळेवर काहीतरी हलले. एका कोशाला भोक पडले होते, आणि त्याला लटकून एक मोठे पाखरू ओले पंख वाळवत होते. पिवळसर तपकिरी पंख, प्रत्येकावर चंद्रासारखा डोळा.

ती आत गेली. काही बोलली नाही.

माघात, आजारपणातल्या खाटेवरून, आजांनी तिचा हात धरून म्हटले होते, “पहिलं पाखरू निघालं का मले सांगायले येजो.”

“कुठं?”

“तळ्यावरच्या येनाखाली. आनखी कुठं भेटतो मी?”

तिने दार लावले, तरट नीट सरकवले आणि चपला हातात घेतल्या. फाटकाशी प्रफुल्ल दात घासत उभा होता.

“निघालं?” त्याने विचारले.

तिने मान डोलावली.

“येऊ का संगं?”

“नको,” ती म्हणाली. मग चपला घालून ती तळ्याच्या वाटेला लागली.