धरा… सोडा…

क्लचने भर चढावर दगा दिला, तेव्हा मागून गाडी ढकलायला धावला तो हा मेकॅनिक. त्याला झाले तीन महिने. तेव्हापासून आपल्या नर्सबाईंची गाडी दर पंधरा दिवसांनी त्याच्या गॅरेजच्या दारात! क्लच ढकलणारा तेलाचा सिलिंडर, ‘स्लेव्ह सिलिंडर’, गळायचा, हा आतलं रबर बदलायचा, ती स्टुलावर बसून चहा प्यायची. दोघंही दिवसभराच्या कामाने इतके आंबलेले असायचे, की बोलणं व्हायचं ते जांभयांच्या अधेमधे.

आज मात्र त्याने जुना सिलिंडर काढून सरळ भंगारात टाकला. “हा नवा, मोठ्या पिस्टनचा. पेडल हलकं होईल. उभं राहून पाय दुखतात ना तुमचे, सिस्टर…”

हे याच्या लक्षात आहे! तिला भरून आलं… आणि लगेच त्या ‘सिस्टर’ने अंगाचा तिळपापड झाला. वॉर्डात सगळेच म्हणतात, म्हणोत बापडे. पण याने?

“पुन्हा नाही ना बिघडणार?”

“पाच वर्षं तरी बघायला नको.”

पाच वर्षं! म्हणजे इथे यायचं निमित्तच संपलं. मेलं इतकं चांगलं काम करायला सांगितलं होतं कुणी?

तो गाडीखाली शिरला. तेलाच्या पाइपात शिरलेली हवा काढायची, म्हणून ती आत पेडलवर पाय ठेवून बसली.

“दाबा… धरा हं…” खाली त्याने स्क्रू उघडला, फुस्स झालं, पुन्हा आवळला. “सोडा.”

धरा, सोडा. धरा, सोडा. तिचे डोळे मिटले आणि पाय निसटला.

“अहो सिस्टर! स्क्रू उघडा होता. हवा परत आत गेली. आता पहिल्यापासून!”

“करा की. मला कुठे घाई आहे?”

खाली पाना खणकला. मग हळूच, “…मलाही नाही.”

दुसऱ्यांदा पाय निसटला, तेव्हा ती टक्क जागी होती.

“हे मुद्दाम केलंत.”

“हो! पाच वर्षं काय करू मी? गाडी बिघडायची वाट बघू?” दमलेलं माणूस खरं बोलून जातं, तसं झालं.

“चहा… बिघाड नसला तरी मिळतो इथे.” त्याने पाना पुन्हा स्क्रूवर चढवला. “दाबा… धरा…”

“धरलंय. आता तुम्ही सोडा.”

“काय?”

“ते ‘सिस्टर’!”

खाली धाडकन डोकं आपटलं. तेलाने माखलेला चेहरा बाहेर आला, कानांपर्यंत लाल.

“सोडलं,” तो म्हणाला. “आणि… धरू काय?”

“हात. पण आधी तो स्क्रू आवळा बाई… माझा पाय अजून पेडलवरच आहे!”