बारा झाडांचा शेंडा

न्याहारीच्या टेबलावर, राय धान्याच्या पावाशेजारी, बोडिलने फरच्या झाडाचा एक कोवळा शेंडा ठेवला... वीतभर, चिकाने ओला.

"टोवे, हा तुझ्या कोटाच्या खिशात सापडला."

टोवेने, तिच्या सावत्र आईने, कॉफी ओतणं थांबवलं नाही. "पाखरं बसतात गं शेंड्यावर. मोडतो."

"आणि खिशात आणून ठेवतात?"

बाबा पावाला लोणी लावत राहिले.

पहिलं झाड

आईने शेवटच्या आजारपणाआधी खिडकीसमोर फरची बारा रोपं लावली होती. आता ती नाताळच्या बाजारासाठी तयार होती, पण गेली तीन वर्षं व्यापारी विकायच्या झाडांना लाल फीत बांधायला आला, की या ओळीपाशी मान हलवायचा. "शेंडाच नाही. लोकांनी चांदणी कशावर लावायची?"

पाचवं झाड

मोडलेल्या जागेशेजारची फांदी, नवा शेंडा व्हावा म्हणून, काठीला बांधून उभी केलेली... म्हणजे तोडायचंही हिनेच, आणि मलमपट्टीही हिनेच! बोडिलच्या मनात विखार दाटला. मेलेल्या बाईच्या झाडांचासुद्धा मत्सर?

बारावं झाड

दुसऱ्या दिवशी पहाटे टोवे शिडीवर सापडली.

"आईचं एवढंही बघवत नाही तुला?"

"मला बघवतं." टोवे खाली उतरली. "तुझ्या बाबांना बघवत नाही. खिडकीतून ही ओळ दिसली की त्यांचा घास अडकतो. झाडांनी शेंडा धरला की सगळी विकायची, असं ठरवलंय त्यांनी. फांदी बांधलेली दिसली की म्हणतात, पुढच्या वर्षी बघू... आणि तू सुट्टीला आलीस की बॅग ठेवायच्या आधी इथे येतेस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"माझं ऐकलं असतंस?"

तीन वर्षांचे टोमणे एकेक करून बोडिलला आठवले... ती शिडीवर चढली. टोवेने शिडी धरली. बाराव्या झाडाचा शेंडा बोडिलने स्वतःच्या हाताने मोडला, आणि स्वतःच्या खिशात टाकला.

टेबल

"बाराव्याचाही गेला," खिडकीतून बघत बाबा म्हणाले.

"पाखरं, बाबा."

बाबांनी आधी लेकीचे काळपट, चिकट हात पाहिले. मग टोवेचे. कितीतरी वेळ पाहिले... नंतर लोण्याचं भांडं हळूच दोघींच्या मध्ये सरकवलं.

"चीक पाण्याने जात नाही," ते म्हणाले. "लोणी चोळा."